शाळापूर्व वयातील मुले, पालक आणि गोष्टीचे पुस्तक

इयत्ता पहिलीत दाखल होणारे मूल कोरी पाटी घेऊन येते, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः पाटी कोरी असली तरी मूल कोरे नसते. सहा वर्षांत त्याने घरातील व गल्लीतील माणसांची भाषा आत्मसात केलेली असते. काही थोड्या मुलांनी आईच्या वा आजोबांच्या मांडीवर बसून पुस्तकातील गोष्टही ऐकलेली असते. परंतु पुष्कळ घरांत दिनदर्शिका, लग्नपत्रिका आणि शिधापत्रिका यांखेरीज छापील कागद नसतो. त्या घरातून आलेल्या मुलास पुस्तक ही वस्तू प्रथम शाळेतच भेटते, आणि तीही परीक्षेचे साधन म्हणून.

पहिल्या काही महिन्यांत हा भेद शिक्षकास फारसा जाणवत नाही, कारण दोन्ही प्रकारची मुले सारख्याच उत्साहाने अक्षरे गिरवितात. तिसऱ्या इयत्तेत धडा स्वतः वाचून उत्तर देण्याची वेळ आली म्हणजे तो उघड होतो. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले, त्याचा रोखही इयत्ता तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे यावरच आहे. या ध्येयाची सुरुवात पहिलीच्या वर्गात होत नाही. ती घराच्या ओसरीवर, मूल तीन-चार वर्षांचे असतानाच होते. म्हणून पालकांनी लहान मुलांबरोबर गोष्टीचे पुस्तक कसे वाचावे, आणि ग्रामीण शाळेतील शिक्षकाने या कामी कोणते साहाय्य करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाचनाची दोन अंगे

वाचन ही एकच क्रिया दिसत असली तरी तिची दोन अंगे आहेत. अक्षरचिन्हे ओळखून त्यांचा उच्चार करणे हे पहिले अंग. उच्चारलेल्या शब्दांचा व वाक्यांचा अर्थ जाणणे हे दुसरे. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हा संबंध गुणाकाराच्या रूपाने मांडला. गुणाकारातील एक संख्या शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. 'ओसाड माळावर एक जीर्ण विहीर होती' हे वाक्य एखादा विद्यार्थी न अडखळता मोठ्याने म्हणून दाखवितो. परंतु 'ओसाड' आणि 'जीर्ण' हे शब्द त्याच्या कानावर कधीच पडले नसतील, तर त्याने केवळ उच्चार केला, वाचन केले नाही.

पहिले अंग शाळेत शिकविता येते, आणि आपण ते शिकवितोही. मराठीत त्यास वेळ अधिक लागतो. नुसती बाराखडी मोजली तरी चारशेहून अधिक अक्षररूपे होतात. त्यांत जोडाक्षरांची भर पडते. 'मिरची' या शब्दातील पहिली वेलांटी 'म'च्या आधी लिहावयाची, पण तिचा उच्चार नंतर करावयाचा. 'सूर्य' या शब्दातील 'र' 'य'च्या आधी उच्चारावयाचा, पण लिहावयाचा त्याच्या डोक्यावर. अशा लिपीवर प्रभुत्व येण्यास मुलास दोन-तीन वर्षे लागतात, यात नवल नाही. कन्नड लिपीची रचना बऱ्याच अंशी अशीच आहे. त्या भाषेतील मुलांचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ मध्ये अक्षरज्ञानाच्या याच संथ गतीकडे लक्ष वेधले.

दुसरे अंग मात्र केवळ शाळेच्या तासांत वाढत नाही. शब्दांचा साठा, लांब वाक्य समजण्याची सवय आणि घटनांची साखळी मनात धरून ठेवण्याची शक्ती ही वर्षानुवर्षे ऐकण्याने व बोलण्याने येते. कॅनडातील सेनेशाल आणि लेफेव्हर या संशोधिकांनी मुलांचा इयत्ता तिसरीपर्यंत मागोवा घेतला व आपले निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या घरी पालकांनी अक्षरे शिकविली, त्या मुलांस आरंभी अक्षरओळखीत लाभ झाला. ज्या घरी गोष्टींची पुस्तके वाचली गेली, त्या मुलांची शब्दसंपत्ती व ऐकून समजण्याची शक्ती वाढली, आणि तिचे फळ तिसरीतील वाचनात दिसून आले. म्हणजे गोष्टीच्या वाचनाचा लाभ उशिरा दिसतो. पहिलीच्या चाचणीत तो दिसला नाही म्हणून शिक्षकाने हा प्रयत्न निष्फळ ठरवू नये.

पुस्तकातून मुलास काय मिळते

घरातील नित्याचे बोलणे समोरच्या वस्तूंविषयी व कामांविषयी असते. 'ये', 'जेव', 'ते उचल', 'तिकडे जाऊ नको' एवढ्यावर दिवसाचा पुष्कळ व्यवहार चालतो. गोष्ट मात्र समोर नसलेल्या गोष्टींविषयी बोलते. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलास ती समुद्र दाखविते आणि किनाऱ्यावरच्या मुलास उसाचा फड. 'इतक्यात', 'तथापि', 'जणू काही' हे शब्द आणि 'जर... तर' या धर्तीची वाक्ये मुलाच्या कानावर बहुधा प्रथम गोष्टीतूनच पडतात. अमेरिकेतील एका अभ्यासात शंभर चित्रपुस्तकांतील शब्दांची तुलना पालक मुलांशी करतात त्या संभाषणाशी केली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चित्रपुस्तकांतील शब्दांचे वैविध्य अधिक आढळले.

याखेरीज पुस्तक कोणत्या बाजूने उघडावयाचे, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्र काही सांगते आणि काळ्या खुणाही काही सांगतात, हे ज्ञान मुलास आपोआप होते असे नाही. मूल मांडीवर बसून ऐकते तेव्हा त्याची दृष्टी कोठे असते, हे इव्हान्स व सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये नेत्रहालचाली टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने पाहिले. मुले जवळजवळ सर्व वेळ चित्रांकडेच पाहत होती. अक्षरांकडे त्यांची नजर क्वचितच वळत होती. यात मुलांचा दोष नाही, व चित्रे पाहणे वायाही जात नाही. परंतु पालकाने मधूनमधून शीर्षकावर किंवा एखाद्या मोठ्या शब्दावर बोट ठेवून 'इथे शेळी असं लिहिलंय' एवढे सांगितले, तर बोललेला शब्द कागदावर टिकून राहतो ही जाण मुलास येते. प्रत्येक ओळीखाली बोट फिरविण्याचा अतिरेक करू नये. त्याने गोष्टीचा धागा तुटतो.

वाचून दाखविण्याची रीत

पुस्तक मुखपृष्ठापासून अखेरपर्यंत वाचून मिटले म्हणजे काम झाले, अशी समजूत असते. मुलाने मुकाट्याने ऐकण्यापेक्षा त्याने बोलणे अधिक मोलाचे आहे. १९८८ मध्ये व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट घरी मुलांना वाचून दाखवीत होते; भेद होता तो केवळ रीतीचा. एका गटास प्रश्न विचारण्याची, मुलाचे उत्तर विस्तारून सांगण्याची व त्याला बोलते करण्याची रीत शिकविली होती. एका महिन्याच्या अवधीत या गटातील मुले भाषेच्या आविष्कारात दुसऱ्या गटापेक्षा अनेक महिने पुढे गेली. पुढे १९९२ मध्ये मेक्सिकोतील पाळणाघरात गरीब घरांतील दोन वर्षांच्या मुलांबाबतही या रीतीचा लाभ दिसून आला.

ही रीत अवघड नाही. समजा, पुस्तकातील एका पानावर शेळी कुंपणातून मान घालून परसातील कोथिंबीर खात आहे आणि आजी दारातून पाहत आहे असे चित्र आहे. आई विचारते, "हे काय रे बाळा?" मूल म्हणते, "शेळी." आई म्हणते, "हो, पांढरी शेळी. कुठून शिरली ती?" मूल बोट दाखवून म्हणते, "इथून." आई सांगते, "कुंपणातून शिरली. म्हण बघू, शेळी कुंपणातून शिरली." मूल तसे म्हणते. मग आई विचारते, "आता आजी काय करेल?" आणि शेवटी, "आपली शेळी परवा कुणाच्या वावरात गेली होती?"

एवढ्या चार-सहा वाक्यांत पुष्कळ शिक्षण झाले आहे. आईने प्रश्न केला, उत्तर मान्य केले, त्यात एक-दोन शब्दांची भर घातली आणि मोठे झालेले वाक्य मुलाकडून वदवून घेतले. 'इथून' या उत्तराचे 'कुंपणातून' झाले. 'आजी काय करेल' या प्रश्नाने पुढील घटनेचा अंदाज बांधण्याची सवय लागली आणि शेवटच्या प्रश्नाने पुस्तकातील गोष्ट स्वतःच्या घराशी जोडली गेली. तिसरी-चौथीत आपण आकलनाचे म्हणून जे प्रश्न विचारतो, त्यांचे हे बीजरूपच आहे.

मात्र या प्रश्नोत्तरास परीक्षेचे रूप येऊ देऊ नये. उत्तर चुकले तर 'असं नाही' म्हणून हटकू नये. योग्य शब्द आपल्या वाक्यात सहज आणावा. मूल कंटाळले तर पुस्तक मिटावे. तीच गोष्ट पुनःपुन्हा मागितली तर ती पुनःपुन्हा वाचावी. मोठ्यांस कंटाळवाणी वाटणारी ही आवृत्ती मुलास आवश्यक असते, कारण प्रथम ते घटना समजून घेते, नंतर शब्द, आणि नंतर 'मी वाचतो' म्हणून पान उलटत पाठ झालेली गोष्ट सांगू लागते. पुस्तक उलटे धरून असे 'वाचणाऱ्या' मुलास हसू नये. वाचक होण्याची ती पहिली पायरी आहे.

ज्या घरी वाचता येत नाही

येथवर वाचून कित्येक शिक्षक म्हणतील की, हे सर्व शिकलेल्या घरांसाठी ठीक आहे. आमच्या वस्तीतील आईबापांस स्वतःलाच वाचता येत नाही. पालकही शाळेत येऊन हेच म्हणतात, "गुरुजी, आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" हा संकोच दूर करणे हे या बाबतीत शिक्षकाचे मुख्य कर्तव्य आहे. कारण पालकांचा हा समज पक्का झाला, तर ज्या मुलास साहाय्याची गरज अधिक, तेच मूल त्याविना राहते.

वर दिलेला आई व मुलाचा संवाद पुन्हा पाहावा. त्यात आईने एकही छापील अक्षर वाचलेले नाही. तिने चित्र पाहिले, विचारले आणि मुलाचे ऐकले. यास अक्षरओळख लागत नाही. सवड लागते, आणि तीही पंधरा मिनिटांची. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत लहान बाळांच्या मातांस व सांभाळणाऱ्यांस आठ आठवडे हीच रीत शिकविण्यात आली. पुस्तके मुख्यतः चित्रांची होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या बाळांच्या भाषेत व अवधानात स्पष्ट सुधारणा आढळली.

आपल्याकडे तर याहून एक मोठे भांडवल आहे. चिमणी-कावळ्याच्या घरांची किंवा भोपळ्यातून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ज्या आजीस येत नाही, अशी आजी विरळा. लिहितावाचता न येणारी आजी गोष्टीचा आरंभ, मध्य आणि शेवट उत्तम सांभाळते. तिच्या तोंडची गोष्ट हेही वाचनाच्या पायाचेच काम आहे, हे तिला शिक्षकाच्या तोंडून एकदा ऐकू द्यावे. मग तीच गोष्ट चित्रांसह पुस्तकात दाखविली, तर मुलास आणि आजीस दोघांनाही पुस्तक परके वाटत नाही.

भाषेविषयीही एक शंका पुष्कळांच्या मनात असते. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, भिली वा गोंडी बोलली जाते. पुस्तक प्रमाण मराठीत असते. मग पालकाने गोष्ट कोणत्या भाषेत सांगावी? निःसंकोचपणे घरच्या भाषेत सांगावी. जी भाषा पालकास सहज येते, तिच्यातच तो अधिक बोलतो, विनोद करतो व कारणे सांगतो. घरच्या भाषेत आलेली गोष्टीची समज पुस्तकाच्या भाषेकडे जाताना उपयोगी पडते. 'घरी शुद्ध बोला' असा उपदेश शिक्षकाने केल्यास त्याचा परिणाम एवढाच होतो की, पालक मुलाशी बोलणेच कमी करतो.

घरात चौथी-पाचवीत शिकणारे भावंड असेल तर त्याच्याकडून धाकट्यास गोष्ट वाचून दाखवावी. येथे दुहेरी लाभ होतो. धाकट्यास गोष्ट मिळते आणि थोरल्यास आपले वाचन ऐकणारा श्रोता मिळतो. वाचनात मागे असलेल्या थोरल्या विद्यार्थ्यास सोपे पुस्तक हाती घेण्याची लाज वाटते. धाकट्यासाठी म्हणून तेच पुस्तक तो आनंदाने घेऊन जातो.

पुस्तके कपाटाबाहेर

आता पुस्तकांचा प्रश्न. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. आपल्या शाळांत पुस्तके आहेतही. परंतु शाळाभेटीच्या वेळी पुष्कळदा असे दिसते की, पुस्तके कपाटात, कपाटास कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. पुस्तकांची पाने कोरी करकरीत असतात आणि नोंदवही बिनचूक असते. यामागे आळस नसतो; भीती असते. पुस्तक फाटले वा हरवले तर तपासणीत जाब कोण देईल, ही ती भीती. ती निराधार आहे असे म्हणणे शिक्षकांवर अन्याय करणारे ठरेल. तथापि जे पुस्तक दहा वर्षे कपाटात राहून वाळवीच्या स्वाधीन होते, तेही गेलेलेच असते, आणि ते एकाही मुलाच्या उपयोगी न पडता गेलेले असते.

यास्तव काही व्यवस्था करावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पुस्तके घरी देण्याविषयी ठराव करून घ्यावा, म्हणजे जबाबदारी एकट्या शिक्षकावर राहत नाही. शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी योग्य अशी चित्रप्रधान पुस्तके वेगळी काढून त्यांची साधी देवघेव वही ठेवावी. जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. पुस्तक पिशवीतून जावे आणि पिशवीतून यावे. फाटलेले पान चिकटविण्याचे काम पाचवीच्या मुलांकडे द्यावे. वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांची नोंद करून निर्लेखनाचा प्रस्ताव रीतसर पाठवावा.

शाळापूर्व वयाची मुले शाळेच्या पटावर नसतात, ही अडचण खरी आहे. परंतु त्यांची थोरली भावंडे पटावर आहेत, आणि अंगणवाडी जवळच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी मुलांची वाट न पाहता बालवाडीच वस्तीवरच्या अंगणात नेली, आणि शंखशिंपले, बिया, खडे अशा जवळच्या वस्तूंतून शिक्षणाची साधने केली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्या कार्यातून रूढ झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर तेच नाव गावोगावी पोहोचले. पुस्तकाच्या बाबतीतही तोच मार्ग योग्य आहे. आठवड्यातून एकदा शाळेतील पंधरावीस पुस्तकांची पिशवी अंगणवाडीत जावी आणि मुलांस न्यावयास येणाऱ्या मातांच्या हाती एकेक पुस्तक द्यावे. राज्यात २०२२ पासून चाललेल्या शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' उपक्रमात मातांचे गट झाले आहेत. जेथे असे गट आहेत, तेथे पुस्तकांची देवघेव त्यांच्याकडेच सोपवावी.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लहान मुले अर्थातच आईबापांसह फडावर जातात. त्यांच्या बोचक्यात दोन चित्रपुस्तके जावीत आणि ती परत येण्याची अट नसावी. सहा महिने पुस्तकाचा चेहराही न पाहणे, आणि सहा महिने दोनच पुस्तके पुनःपुन्हा पाहणे, यांत अंतर फार मोठे आहे.

पुस्तकांच्या निवडीविषयी थोडेसे. चित्र मोठे, मजकूर थोडा आणि विषय मुलाच्या अनुभवातील असावा. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका घरातील माणसांविषयीच असल्याने लहान मुलांस आपलीशी वाटते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अल्प किमतीत मिळतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतील चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात व त्या छापूनही घेता येतात. मोबाइलवर गोष्ट लावून मुलापुढे ठेवणे आणि मुलास जवळ घेऊन गोष्ट पाहणे यांतील भेद मात्र पालकांस समजावून सांगावा. यंत्र प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत नाही, आई थांबते.

पालकसभेत सांगावयाच्या गोष्टी

पालकसभेत व्याख्यान देऊ नये. एका लहान मुलास जवळ बसवून शिक्षकाने चित्रपुस्तक प्रत्यक्ष पाहून दाखवावे, आणि नंतर दोन-तीन मातांस व एखाद्या वडिलांस तसे करावयास सांगावे. त्यानंतर पुढील गोष्टी थोडक्यात सांगाव्यात.

१. रोज पंधरा मिनिटे पुरेत. रात्री जेवणानंतरची वेळ बहुतेक घरांस सोयीची पडते.

२. वाचता येत नसले तरी चित्र पाहून बोलता येते. जी भाषा घरची, तीच गोष्टीची.

३. आपण एक वाक्य बोलावे आणि मुलास बोलण्यास अवसर द्यावा. उत्तरासाठी थोडे थांबावे.

४. मुलाच्या उत्तरात एक शब्द वाढवून ते परत म्हणावे.

५. तीच गोष्ट मागितली तर तीच सांगावी.

६. गोष्टीच्या वेळी अक्षरे गिरविण्याची सक्ती करू नये. पुस्तकाची शिक्षा मुलास कधीही देऊ नये.

७. पुस्तक फाटले तर मुलास मारू नये आणि शाळेस भिऊ नये. फाटलेले पुस्तक परत आणून द्यावे व दुसरे न्यावे.

यांपैकी सातवी सूचना शिक्षकाने स्वतःच्या तोंडाने व सर्वांसमक्ष सांगणे अगत्याचे आहे. भरपाईच्या भीतीने पुस्तक फळीवर उंच ठेवून देणारी घरे पुष्कळ आहेत. असे पुस्तक शाळेच्या कपाटातून निघून घरच्या कपाटात गेले, एवढेच म्हणावे लागेल.

आरंभी दहा कुटुंबे निवडावीत, आणि ज्यांच्या घरी छापील कागद नाही अशांस प्राधान्य द्यावे. महिन्यातून एकदा वस्तीवर जाताना 'कोणती गोष्ट आवडली?' एवढे मुलासच विचारावे. त्याच्या उत्तरावरून पुस्तक उघडले गेले की नाही, हे नोंदवहीपेक्षा अधिक निश्चितपणे कळते. ती मुले पुढे पहिलीत येतील तेव्हा त्यांस अक्षरे आपणच शिकवावयाची आहेत. पण त्या अक्षरांमागे गोष्ट दडलेली असते, हे ती घरूनच शिकून आलेली असतील, आणि आपले पुढील काम तितके सुकर होईल. त्यासाठी कपाटाची किल्ली या आठवड्यातच खणाबाहेर काढावी, ही सर्व शिक्षक बंधुभगिनींस विनंती आहे.